कलमराव आणि गांडुळवाली

तिनं पिशवी काउंटरवर उलटी केली. आधी लॅपटॉप पडला, मग त्याची वायर, मग मूठभर माती. एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मातीच्या मागोमाग एक गांडूळ पडलं... बोटाच्या पेराएवढं, गुलाबी आणि चांगलं जिवंत. पांढऱ्याशुभ्र काउंटरवर ते क्षणभर थबकलं आणि मग सरळ समोरच्या तरुणाच्या दिशेनं निघालं.

समोरचा तरुण खुर्चीवर चढला.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “चावत नाही ते. दातच नसतात त्यांना.”

“मी घाबरलेलो नाही,” खुर्चीवरून उत्तर आलं. “मी... वरून बघतोय.”

“बघून झालं की सांगा. मग उचलते.”

“उचला. झालं बघून.”

तिनं गांडूळ अलगद ओंजळीत घेतलं, खिशातल्या डबीत ठेवलं आणि हसू लपवायला चष्मा पुसायला घेतला. तरुण खाली उतरला, शर्ट नीट केला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्चीत बसला. कान मात्र लालबुंद झाले होते. कान गोड आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि भलत्या वेळी हे काय सुचतंय म्हणून तिनं स्वतःलाच दटावलं.

हा होता विद्यापीठाचा संगणक मदत कक्ष, ग्रंथालयाच्या तळघरातला. दोन टेबलं, एक काउंटर आणि छताजवळ एक आडवी खिडकी, तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे. एका टेबलावर प्रिंटरकाका बसत. सगळ्या विद्यापीठाचे प्रिंटर त्यांच्या ताब्यात, आणि प्रिंटर बिघडलेले असल्यानं काका निवांत असत. दुसऱ्या टेबलावर हा. विद्यार्थ्यांनी त्याचं नाव कलमराव ठेवलं होतं, कारण साधं ‘नमस्कार’ म्हटलं तरी तो उत्तरादाखल नियमावलीतलं कलम सांगेल अशी त्याची ख्याती होती.

आणि ही आपली गांडुळवाली. काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून त्यात गांडुळं कसे बोगदे काढतात, यावर तिचं पीएचडीचं काम चाललेलं. तिची आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांना “मुलगी बोगद्यांवर संशोधन करते” एवढंच सांगायची. लोकांना रेल्वेचे बोगदे वाटायचे, आणि आई कोणाचाही गैरसमज दूर करत नसे.

“मंद झालाय फार,” ती लॅपटॉपकडे बोट दाखवत म्हणाली.

“यात माती आहे.”

“थोडीशी.”

“बाई, यात भाजी लावता येईल.” त्यानं ब्रश काढला. “प्रयोगशाळेत नेता का हा? कलम सहा. विद्यापीठाचा लॅपटॉप दमट जागी, मातीपाण्याजवळ न्यायचा नाही.”

“बरं.”

“घरात दुसरं कोणी वापरतं? तेही नियमात बसत नाही.”

“छे.”

हे ‘छे’ ती जरा जास्तच जोरात म्हणाली. कारण नेमकं त्याच सकाळी आई या लॅपटॉपवर तिच्यासाठी स्थळं बघत बसली होती. घरात दुसरा संगणक नव्हता, आईला फोनवरचे फोटो बारीक दिसायचे, आणि नवऱ्या मुलाचा चेहरा मोठ्या पडद्यावरच पारखायला हवा असं तिचं ठाम मत होतं.

“आणि कामाची प्रत कुठे ठेवता?”

“कसली प्रत?”

कलमरावाच्या हातातला ब्रश थांबला. गांडूळ बघून उतरला नव्हता एवढा त्याचा चेहरा आता उतरला. “म्हणजे... तुमचे सगळे व्हिडिओ... पीएचडीचं सगळं काम... फक्त याच्यात आहे?”

“हो. का?”

प्रिंटरकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. कलमरावानं तिला खुर्ची दिली आणि, पेशंटला समजावतात त्या आवाजात, हा लॅपटॉप एक दिवस मरणार आहे हे सांगितलं. सगळे मरतात. कधी पडून, कधी चोरीला जाऊन, कधी घरातल्या माणसांच्या हातून. त्या दिवशी तिच्यापाशी काहीही उरणार नाही. ती ऐकत गेली. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली. ते बोगदे गेले तर सगळंच गेलं.

“मग आता?”

“सगळं विद्यापीठाच्या साठ्यात चढवू. लॅपटॉप इथे ठेवायचा तर रांग आहे. तुमच्यापुढे अख्खा इतिहास विभाग आहे. त्यापेक्षा तुम्ही दिवसा प्रयोगशाळेत असता तेव्हा तो घरी चालू ठेवून जा. मी इथून जोडून घेतो आणि एकेक व्हिडिओ चढवतो. फक्त एक. त्याला कोणी हात लावायचा नाही.”

“कलम?”

“विनंती,” तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल झाले.

असं ते सुरू झालं. पहिल्या दिवशी ती मुद्दाम उशिरा निघाली, हे कसं चालतं ते बघायला. पडद्यावरचा बाण आपोआप हलला. कोपऱ्यात संदेशाची चौकट उघडली.

‘नमस्कार. काम सुरू करतो आहे. आपली परवानगी?’

‘आहे,’ तिनं लिहिलं. ‘पायात काही येईल, सांभाळून. गांडुळं आहेत.’

‘कल्पना आहे. म्हणूनच तळघरातून करतोय.’

बाण एकेका फाइलपाशी जाई, ती उचली, पुढे जाई. ‘खासगी’ नावाच्या कप्प्याजवळ आला तेव्हा मात्र तो लांबून वळसा घालून गेला, कोणी झोपलंय त्या खोलीवरून पाय न वाजवता जावं तसा. त्या कप्प्यात तिच्या जुन्या, फसलेल्या कवितांखेरीज काही नव्हतं. पण त्या वळशानं तिला काहीतरी झालं. या जगात न विचारता डोकावणारी माणसं तिनं भरपूर बघितली होती, त्यातलं एक तर तिच्याच घरात होतं.

मग रोज निघताना चार ओळी व्हायच्याच.

‘हा बारा नंबरचा व्हिडिओ तीन तासांचा आहे आणि त्यात काहीच घडत नाही,’ तो लिही.

‘शेवटी डावीकडे वळतं ते.’

‘मी थांबलो नाही तोवर.’

‘म्हणून तुम्हाला कोणी भेटत नाही. थांबायला हवं माणसानं.’

यावर बाण बराच वेळ एका जागी उभा राहिला. ‘थांबलो आहे,’ असं मग उमटलं, आणि त्या दिवशी ती बसस्टॉपवरून पुढे निघून गेली, बस मागे राहिली.

काम मात्र हळू चाललं होतं. विषाणूंपासून राखण करणारा प्रोग्रॅम प्रत्येक व्हिडिओ तपासल्याशिवाय सोडत नव्हता. तिची तारीख जवळ येत होती. शेवटी कलमरावानं, आयुष्यात पहिल्यांदा, तो राखणदार कामापुरता झोपवायचं ठरवलं. काम झालं की लगेच उठवायचा.

‘कलम मोडलंत?’ तिनं विचारलं.

‘वाकवलं,’ उत्तर आलं. ‘तुमच्यासाठी. म्हणजे... प्रबंधासाठी.’

आता खरी गंमत. एका संध्याकाळी ती घरी आली तर आईनं दारातच पाण्याचा पेला पुढे केला. आई गणवेश शिवायची. संध्याकाळी मशीन सोडून ती दाराशी येणं म्हणजे काहीतरी मोठं झालेलं असणार.

“ठकू, बस जरा,” आई म्हणाली. “तुझ्या त्या लॅपटॉपला काहीतरी झालंय. पण आधी चांगली बातमी सांगते.”

“आई, लॅपटॉपला काय झालं?”

“सांगते ना. क्रमानं सांगू दे.”

आईला कोण काय बोललं ते शब्दन् शब्द पाठ राहतं. त्यामुळे पुढचं सगळं ठकूला जसंच्या तसं ऐकावं लागलं. दुपारी आईला एका स्थळाचा फोटो नीट बघायचा होता. ती टेबलाशी आली तर बाण आपला आपण फिरतोय, आणि कोपऱ्यात लिहिलंय, ‘काम चालू आहे. आज तुम्ही घरी?’ आईनं एका बोटानं अक्षर शोधत शोधत उत्तर दिलं.

‘हो. आपण काय करता?’

तिकडून आलं, ‘तुमची गांडुळं वाहतो. दुसरं काय करणार?’

आईला वाटलं, मुलगा कष्टाळू आहे. तिनं विचारलं, ‘शिक्षण किती झालं?’

‘आज मुलाखत का? एम.एस्सी. संगणकशास्त्र.’

‘आईवडील?’

‘आई शिक्षिका, वडील पोस्टात. दोघंही माझ्यासारखेच सरळमार्गी आणि कंटाळवाणे.’

‘स्वयंपाक येतो?’

‘वरणभातापर्यंत. पुढचं शिकेन.’

इथं आईनं खुर्ची जवळ ओढून घेतली, असं तिनं स्वतःच सांगितलं.

“आई,” ठकूनं डोळे घट्ट मिटले. “मी नाही, तू आहेस, हे तू त्याला सांगितलंस का नाही?”

“त्यानं विचारलं का? मग मी म्हटलं, एवढं सगळं ठीक आहे, पण मुख्य घोडं जिथं अडतं ते विचारून घ्यावं. मी लिहिलं, ‘गांडुळं आवडतात?’”

“...मग?”

“बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, गेला हाही. मग आलं.” आईनं पदर सावरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “‘गांडुळं अजिबात आवडत नाहीत. गांडुळवाली फार आवडते. समोर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.’”

ठकूला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं.

“मग तू काय लिहिलंस?”

“खरं ते लिहिलं. ‘मी तिची आई.’ तर गेला की तो. बाण जिथल्या तिथे थांबला, ‘जोडणी तुटली’ असं आलं. लाजला असेल. मला आवडला बाई.”

“आणि लॅपटॉप?”

आता आईचा आवाज खाली आला. मुलगा पसंत पडल्यावर, याच्या आईवडिलांना पाठवायला ठकूचा एक चांगला फोटो हवा, असं तिला वाटलं. सगळ्या फोटोंत चष्मा. फोटोतला चष्मा काढून देणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळत होता, तो तिनं घेतला. चष्मा गेला. एक भुवईही गेली. आणि मग पडदा लाल झाला, आणि काही केल्या तो लालच राहिला.

ठकूनं लॅपटॉप उघडला. कुठल्यातरी परक्या भाषेत काहीतरी लिहून आलं होतं आणि एकही फाइल उघडत नव्हती. राखणदार झोपलेला होता. ज्यानं त्याला उठवायचं, तो ‘मी तिची आई’ वाचून पळाला होता.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात उतरली तेव्हा कलमराव काउंटरखाली काहीतरी शोधत होता. बराच वेळ शोधत होता.

“तिथे काही नाहीये,” प्रिंटरकाका म्हणाले. “वर ये.”

तो वर आला. तिनं लॅपटॉप उघडून समोर ठेवला. लाल पडदा बघितल्यावर त्याची लाज कुठल्या कुठे पळाली. राहिली ती नुसती भीती.

“मी राखणदार उठवला नाही,” तो म्हणाला. “मी... घाईत गेलो.”

“माहितीये. का गेलात तेही माहितीये.”

“सगळं?”

“वरणभातासकट.”

त्यानं चेहरा दोन्ही हातांत लपवला. पण एक क्षणच. मग त्यानं बाह्या सरसावल्या. “नियमानं हा आजच पूर्ण पुसायला हवा. मी कक्षप्रमुख बाईंकडून मुदत मागतो. जेवढं वाचेल तेवढं वाचवतो.”

पुढचे काही दिवस ती प्रयोगशाळेतून रोज तळघरात यायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. वाचलेला प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड आहे का, हे कोणीतरी डोळ्यांनी बघणं भाग होतं. ती म्हणाली, मी बघते. तो म्हणाला, विषाणू लागलेल्या यंत्रावर बाहेरच्या माणसाला बसवता येत नाही. आणि जो माणूस पेराएवढ्या गांडुळाला घाबरून खुर्चीवर चढला होता, तो हातभर पडद्यावर, दहापट मोठी, ओली, वळवळणारी गांडुळं सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत बसला. मधूनच तो बोटांच्या फटीतून बघे. एकदा तर त्यानं डबा उघडला, पडद्याकडे पाहिलं आणि डबा तसाच बंद केला.

“डावीकडे वळलं,” संध्याकाळी थकलेल्या आवाजात तो म्हणाला. “बारा नंबर. शेवटपर्यंत थांबलो.”

तिथे ती प्रेमात पडली. थोडीफार आधीपासूनच घसरली होती, पण पूर्ण पडली ती त्या स्टुलावर, त्या वाक्यावर.

बरंच वाचलं. सगळं नाही. शेवटच्या हंगामाचे बोगदे, अजून चढवायचे राहिलेले, ते गेले ते गेलेच. ती जिन्यात बसून मनसोक्त रडली. तो शेजारी बसला, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून, आणि रुमाल सरकवत राहिला. मार्गदर्शक बाईंनी तारीख पुढे ढकलून दिली. हंगाम पुन्हा लावायचा, पुन्हा चित्रित करायचा. गांडुळांची काही हरकत नव्हती.

राहिला प्रश्न कोणाला दोषी धरायचं. कक्षप्रमुख बाईंनी तिला बोलावलं. यंत्र घरच्यांच्या हातात दिलं हे सिद्ध झालं तर लॅपटॉप कायमचा परत घेतला जाणार होता, आणि लॅपटॉपशिवाय प्रबंध लिहायचा म्हणजे पाटीवर लिहायचा. तरी आईचं नाव येऊ नये म्हणून तिनं ठरवून टाकलं होतं.

“तो प्रोग्रॅम मीच घातला,” ती म्हणाली.

“नाही, चूक माझी,” कलमराव म्हणाला. तो न बोलावता आत आला होता. “राखणदार मी झोपवला. कामाच्या वेळेत... खासगी मजकूर लिहिला. मग तसाच सोडून गेलो. मी लेखी दिलंय.”

“कसला खासगी मजकूर?” बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“तो मी सांगते,” दारातून आवाज आला, आणि ठकूनं कपाळाला हात लावला. आई आली होती. तिच्या हातात एक भुवई नसलेला फोटो होता. “यात पोरांचा काही दोष नाही बाई. चष्मा मी काढला.”

बाईंनी फोटो घेतला. बराच वेळ बघितला. त्यांचा एक गाल थरथरला, पण त्या अधिकारी होत्या, हसल्या नाहीत. “एका चुकीला तीन तीन मालक,” त्या म्हणाल्या. “एरवी एकही सापडत नाही.”

निकाल असा लागला. कलमरावाला कडक शब्दांत समज. आईला लॅपटॉपला हात लावायची मनाई. आणि ठकूला लॅपटॉप मिळेल, पण घरी नेता येणार नाही. तो मदत कक्षातल्या टेबलाला साखळीनं बांधलेला राहील. प्रबंध पूर्ण होईपर्यंत तिनं रोज तिथेच, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली बसून लिहायचं. ही शिक्षा आहे, असं बाईंनी दोनदा बजावलं. आरोपींनी शक्य तितके गंभीर चेहरे ठेवले.

मग रोजचंच झालं. समोरासमोर टेबलं, मधे साखळी आणि प्रिंटरकाकांचा चहा. ती लिहायची, तो यंत्रं दुरुस्त करायचा. खिडकीबाहेर पाऊस पडला की पायांबरोबर छत्र्यांच्या कडाही दिसायच्या. पण त्या एका वाक्याबद्दल तो चकार शब्द काढेना. ती वाट बघत होती. आईला लिहिलं, निदान आता मला तरी सांग... पण तो आपला स्क्रू मोजत बसलेला. कधी कधी तिला वाटायचं, आई मधे आल्यावर भीतीनं सगळं विरून तर गेलं नाही ना?

एका दुपारी तिचं यंत्र अडकलं. “जरा बघता का?” तिनं हाक मारली.

तो उठला नाही. “काका बघतील.”

“काका प्रिंटर बघतात.”

“तरी... काकाच बघतील. मी नाही बघू शकत.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. “का? माझं यंत्र नको झालंय? की मी?”

“कलम आहे,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “कर्मचाऱ्यानं... जवळच्या माणसाचं यंत्र उघडायचं नाही. नातेवाईक, किंवा... त्या मानाचं कोणी. तसं असेल तर आधी वरिष्ठांना कळवायचं आणि काम दुसऱ्याकडे द्यायचं. मी काल बाईंना कळवलं.”

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. मग लागला, आणि कानशिलं तापली. या वेळी कान तिचे लाल झाले होते.

“म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “माझ्या आईला सांगून झालं. ऑफिसला कळवून झालं. आणि मला?”

“तुम्हाला... सगळ्यात जास्त घाबरतो मी.”

“गांडुळांपेक्षा?”

“गांडुळांना मी नकोसा झालो तर मला चालेल.”

ती उठली. त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. “मग आता विचार,” ती म्हणाली. “इथे. तोंडानं. मीच आहे, आई नाहीये.”

त्यानं मान वर केली. “मला तू फार आवडतेस,” तो म्हणाला. “आयुष्यभर... डावीकडे वळेपर्यंत थांबेन. कुठेही वळलीस तरी. मी चालेन का तुला?”

ती वळली, आणि सरळ प्रिंटरकाकांच्या टेबलाशी गेली. काकांनी वर पाहिलं.

“काका,” ती म्हणाली, “आजपासून माझं यंत्र तुम्हीच बघायचं हं. ह्यांना चालत नाही.”